पट्टी बांधून मिळणार नाही

शनिवारी दुपारी तोकुरांच्या दवाखान्याच्या दारात लहान मुलांच्या बुटांचा ढीग पडायचा. धुळीनं माखलेले, नाड्या न सोडताच पायातून ओढून काढलेले बूट. त्यांची बायको सादाए ते जोडीजोडीनं लावून ठेवायची आणि पोरं जाताना पुन्हा विस्कटून ठेवायची.

हिसानोबु तोकुरा हे कामिउरा बंदरातले एकुलते एक हाडवैद्य. बोटीवर घसरून खांदा निखळलेला खलाशी असो, नाहीतर संत्र्याच्या बागेत शिडीवरून पडलेली म्हातारी, सगळे त्यांच्याच हाताखालून जायचे. त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. लहानथोर सगळे त्यांना मानानं 'सेन्सेई' म्हणत, गुरुजी म्हणावं तसं. पण शनिवार मुलांचा असे, कारण रविवारी बेसबॉलचे सामने. कुणाचा खांदा भरून आलेला, कुणाच्या कोपरात कळ. तोकुरा अंगठ्यानं शीर धरून दाबत, मग बर्फ, मग पट्टी, आणि दुसऱ्या दिवशी पोरगं मैदानात. हाताला गुण आहे, असं लोक म्हणत. संघाचे प्रशिक्षक यासुओ मिनोबे हे तोकुरांचे बालवाडीपासूनचे दोस्त. त्यांचं तांदळाचं आणि मद्याचं दुकान होतं. ते तर गुत्त्यात बसून सांगायचे, "आमच्या संघात नऊ नाही, दहा खेळाडू आहेत. दहावा हिसा."

त्या काळात निशिउरांचा कात्सुमी बारा वर्षांचा होता. तो संघाचा पिचर. बाकीची आठ पोरं आपापल्या जागी उभी असतात, आणि पिचर एकटा मधल्या उंचवट्यावरून सामनाभर चेंडू टाकत राबत असतो. कात्सुमीच्या हातात असा वेग होता, की शेजारच्या गावचे लोक नुसतं त्याला बघायला यायचे.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी तो आला. तोकुरांनी सवयीनं त्याचे दोन्ही हात टेबलावर पालथे-उताणे करून पाहिले. डावा कोपर सरळ होऊन टेबलाला टेकला. उजवा दोन बोटं वर राहिला. तोकुरांनी हलकेच दाबलं. दाराखाली खडा अडकल्यावर दार जसं थांबतं, तसा तो थांबला.

"दुखतंय?"

"नाही."

"खरं सांग."

"चेंडू टाकताना थोडंसं." मग लगेच, "सेन्सेई, उद्या उपांत्य सामना आहे. जिंकलो तर दुपारी अंतिम."

तोकुरांच्या बोटांना काहीतरी कळलं होतं. त्यांनी ते तिथंच ठेवलं आणि पट्टी बांधली.

रविवारी कात्सुमीनं दोन्ही सामन्यांत चेंडू टाकले. संघ जिल्ह्यात पहिला आला. मासळीच्या ट्रकवर उभं करून पोरांची मिरवणूक निघाली, आणि मिनोबे इतके रडले की त्यांना दोघांनी धरून चालवावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात, सकाळी जेवताना, भाताचं वाडगं उचलता उचलता कात्सुमीचा हात अडकला. वरही जाईना, खालीही येईना. शहरातल्या इस्पितळात कोपर उघडला, तेव्हा हाडाचे दोन तुकडे सुटून सांध्यात फिरत होते. अशा तुकड्याला पोरं उंदीर म्हणत. उंदीर निघाले, पण हात काही पुन्हा सरळ झाला नाही.

हिवाळ्यात कात्सुमीचे वडील संत्र्यांची पेटी घेऊन दवाखान्यात आले. "तुम्ही पोरासाठी खूप केलंत," असं म्हणून वाकले आणि गेले. ती पेटी कित्येक दिवस कोपऱ्यात होती. सादाएनं शेवटी शेजारी वाटून टाकली.

यानंतर तोकुरा बदलले, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ते पुढची तेवीस वर्षं पट्ट्या बांधत राहिले. पोरं येत, बुटांचा ढीग पडे, रविवारी सामने होत. एखाद्याचा हात जाई. नशीब, असं सगळे म्हणत आणि तेही म्हणत.

मग एका जानेवारीत शहरातून निरोप आला. वैद्यकीय महाविद्यालयाची एक डॉक्टर जिल्ह्यातल्या बेसबॉल खेळणाऱ्या मुलांचे कोपर तपासणार होती. मदतीला हाडवैद्य हवे होते. तोकुरा डबा घेऊन बसनं गेले. शाळेच्या व्यायामशाळेत तीनशे पोरं बूट काढून नुसत्या मोज्यांत बसली होती. तोकुरांचं काम एवढंच, की मुलाला बसवायचं, बाही वर करायची, कोपर वाकवून धरायचा. डॉक्टर त्यावर थंडगार जेल लावून सोनोग्राफीची दांडी फिरवायची. पडद्यावर हाडाची कड दिसायची, पांढऱ्या रेघेसारखी, गुळगुळीत. एक गेलं, दुसरं गेलं, चाळीस गेली. मग एका पोराच्या कोपरात ती रेघ मधेच तुटलेली दिसली.

"दुखतं का रे?" डॉक्टरनं विचारलं.

"नाही," पोरगं म्हणालं, आणि ते खोटं बोलत नव्हतं.

पोरगं गेल्यावर ती तोकुरांना म्हणाली, "कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं बोलकं असतं, पोरगं लगेच सांगतं. बाहेरच्या बाजूचं हे मुकं. आत्ता फेकणं थांबलं तर हाड बहुतेक आपलं आपण भरून येतं. पोरं दुखायला लागल्यावर आली, की आमच्या हातात फारसं उरत नाही."

"आणि कोपर दोन बोटं सरळ होत नसेल तर?"

"मग बराच उशीर झालेला असतो. पण तेवढं कळायला यंत्र कशाला लागतंय? ते तुमच्यासारख्यांच्या हाताला आधीच कळतं." तिनं ते कौतुकानं म्हटलं होतं.

त्या दिवशी त्यांनी डबा तसाच परत आणला. सादाएनं विचारलं, बरं नाही का. ते म्हणाले, खायची आठवण राहिली नाही.

चार दिवसांनी ते बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात गेले. कात्सुमी आता पस्तिशीचा होता आणि तिथंच कामाला होता. डाव्या हातानं आकडा टाकून बर्फाच्या लाद्या ओढत होता. उजवा हात नुसता आधाराला, जरासा वाकलेला. तोकुरांना बघून त्यानं यंत्र बंद केलं.

"सेन्सेई? बर्फ हवाय का? एखाद्या पोराला पाठवलं असतंत."

"बर्फ नको. तुझ्याशी बोलायचं होतं." तोकुरांनी टोपी काढली. "त्या शनिवारी तुझा कोपर सरळ होत नव्हता. मला ते कळलं होतं. तरी मी पट्टी बांधली."

 कात्सुमीनं पायानं बर्फाचा चुरा बाजूला केला.

"मीच मागितली होती पट्टी."

"तू बारा वर्षांचा होतास."

"तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मी तुमचा जन्मभर राग केला असता, सेन्सेई. समजलं असतं की या माणसानं माझा अंतिम सामना घालवला."

"तो राग मी घ्यायला हवा होता."

"असेल." कात्सुमीनं हातातला आकडा भिंतीला टेकवला. "पण आता माफी-बिफी मागू नका. तेवीस वर्षं मी म्हणत आलो, की कुणाची चूक नव्हती, हाड तसलंच होतं. तसं म्हणून चांगलं चाललं होतं माझं. आता तुम्ही येऊन सांगता, की हे टळलं असतं. ते घेऊन मी काय करू? घरी जाऊन बायकोला सांगू?"

तोकुरा हातातली टोपी फिरवत राहिले.

"राग नाही माझा," कात्सुमी म्हणाला. "पण तुम्ही आला नसतात तर बरं झालं असतं." आणि त्यानं यंत्र पुन्हा सुरू केलं.

मार्चमध्ये तोकुरांनी एक जुनं सोनोग्राफीचं यंत्र आणलं, महिनाभर शहरात जाऊन ते वाचायला शिकले, आणि दारावर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: 'हात दुखत असलेल्या मुलाला सामन्यासाठी पट्टी बांधून मिळणार नाही. तपासून मिळेल.'

सादाए चष्मा लावून पाटीपुढे उभी राहिली. "अहो, ते 'तपासून मिळेल' मोठं लिहा की. आत्ता आहे तसं कुणाला दिसायचं नाही."

तिचं खरं होतं. दिसलं ते फक्त 'मिळणार नाही'.

मिनोबे दर गुरुवारी शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, खेळायला यायचे. त्या गुरुवारी त्यांनी सोंगट्या मांडल्या, पण खेळी केली नाही.

"हिसा, ती पाटी काढ."

"नाही काढणार."

"पोरं घाबरलीत. पालक मला विचारतात, यांच्या हातांना काय झालंय? काय सांगू?"

"सांग, अजून काही झालेलं नाही. म्हणूनच दाखवा. आणि एका पोराला दिवसाला सत्तरच्या वर चेंडू टाकायला लावू नकोस. दोन पिचर आणखी तयार कर."

"सत्तर!" मिनोबे हसले. "सत्तर चेंडू तर आपण शाळेत जाताना एकमेकांना टाकायचो. आणि तुला रे कधीपासून मोजणी सुचायला लागली? तेवीस वर्षं पोरांचे हात चोळलेस, तेव्हा नाही आठवलं? आता केस पिकल्यावर पुण्य कमवायला निघालास होय?"

"तेव्हाच आठवायला हवं होतं."

"म्हणजे मीही पापी."

"मी माझ्यापुरतं बोलतोय, यासु."

"तू तुझ्यापुरतं बोलतोस आणि गाव माझ्याकडे बघतं." मिनोबे उठले. चहा तसाच होता. दारात बूट घालताना त्यांनी पाटीकडे पाहिलं नाही. पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत.

शनिवारी दार मोकळं राहू लागलं. घाटापलीकडच्या गावात दुसरा हाडवैद्य होता, तरुण, हसतमुख. तो पट्टी बांधून द्यायचा. पालक गाडी काढून पोरांना तिकडे न्यायचे. म्हाताऱ्या बायका आणि खलाशी येत राहिले, पण तेही पूर्वीसारखे टेकून गप्पा मारत नसत.

तोकुरा रविवारी मैदानावर जाऊन कापराच्या झाडाखाली बसायचे. हातात बोटानं टिचकी दिली की आकडा पुढे सरकवणारं छोटं मोजयंत्र असायचं. एका सामन्यात एका पोरानं एकशे बारा चेंडू टाकले. सामना संपल्यावर त्यांनी तो आकडा त्याच्या आईला सांगितला. ती नम्रपणे म्हणाली, "सेन्सेई, वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्ही तिथं बसलात की पोरांचे हात आखडतात."

मग ते मैदानावर जायचे बंद झाले. बंदराच्या धक्क्यावर बसायचे. तिथून मैदान दिसत नाही, पण वारा जमिनीकडून असला की चेंडू झेलणाऱ्याच्या हातमोज्यात बसल्याचा आवाज ऐकू येतो. थप्. मग थोडी शांतता. थप्. ते मनात मोजायचे. साठ, सत्तर, ऐंशी. मधेच एखाद्या बोटीचं इंजिन सुरू व्हायचं आणि आकडा हरवायचा.

तीन वर्षांनी सादाए गेली. थंडीत खोकला झाला, तो छातीत उतरला, बारा दिवसांत आटोपलं. कोबेहून लेक आली, चार दिवस राहिली, म्हणाली, "बाबा, चला माझ्याकडे." ते म्हणाले, बघू. मिनोबे काळा कोट घालून आले. उदबत्ती लावली, वाकले, "वाईट झालं," म्हणाले. तोकुरांना वाटलं, आता हा बसेल. मिनोबेंनाही कदाचित वाटलं असेल. पण मागे माणसं रांगेत उभी होती.

सादाए गेल्यावर त्यांना कळलं, की दिवसभरात आपण कुणाशी बोललो ते बहुतेक तिच्याशीच. मासळीच्या दुकानात ते गवताच्या जाळावर भाजलेल्या कुप्याचा अर्धा तुकडा मागत. बाई पहिल्यांदा म्हणाली, "अर्धाच?" पुढे ती न विचारता अर्धा कापून ठेवू लागली. तेवढंही बोलणं संपलं.

पाटी लावल्याच्या पाचव्या वर्षी, जूनमधल्या एका संध्याकाळी स्वयंपाकघराचं मागचं दार वाजलं. सुकी मासळी बांधायच्या कारखान्यात काम करणारी चिनात्सु होती. शेजारी तिचा दहा वर्षांचा मुलगा युसेई, डोक्यावर संघाची टोपी.

"पुढच्या दारानं आले असते," ती म्हणाली, "पण..."

"इकडूनच बरं. पुढचं दार अडकतं पावसात," तोकुरा म्हणाले. दार अडकत नव्हतं.

युसेईला दुखत काहीच नव्हतं. आंघोळीच्या वेळी आईला त्याचा एक हात दुसऱ्यापेक्षा आखूड वाटला, एवढंच. तोकुरांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. जेमतेम एका बोटाचा फरक. मग यंत्र लावलं. कोपराच्या बाहेरच्या बाजूला पांढरी रेघ चालत येत होती आणि मधेच खचलेली होती.

"दुखत नाहीये," युसेई म्हणाला.

"माहीत आहे मला."

"मग?"

"अंडं बाहेरून धड दिसतं, पण आतून तडा गेलेला असतो कधीकधी. तसं झालंय. अजून फुटलेलं नाही. आता हात लावला नाही, तर सांधेल."

"किती दिवस?"

"वर्षभर. थोडं जास्तही लागेल."

युसेईनं आईकडे बघितलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. "एक रविवार पण नाही?"

"एक चेंडू पण नाही."

"दगड? समुद्रात टाकायचा?"

"डाव्या हातानं टाक."

पोराचे डोळे भरले, पण तो रडला नाही. टोपी पुढे ओढून बसला. चिनात्सु हळूच म्हणाली, "पुढच्या महिन्यात जिल्ह्याचे सामने आहेत. मिनोबेंनी याला पिचर म्हणून घेतलंय. त्यांना कोण सांगणार, सेन्सेई? माझं धाडस नाही. मोठा पण तिथंच खेळतो माझा."

"मी सांगतो," तोकुरा म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण काय कबूल केलं.

सकाळी ते मिनोबेंच्या दुकानात गेले. पाच वर्षांत त्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. मिनोबे बाटल्या पुसत होते. केस पार विरळ झाले होते. तोकुरांनी यंत्रातून काढलेला कागद पुढे ठेवला.

"युसेईचा कोपर आहे. शहरात दाखवायला पाठवतोय त्याला."

मिनोबेंनी चष्मा शोधला, लावला, बराच वेळ बघितलं. "मला यातलं काही कळत नाही."

"ही रेघ आहे ना, ती इथं—"

"कळत नाही म्हणालो ना." त्यांनी कागद उलटा ठेवला. बाहेरून एक सायकल गेली. मग त्यांनी विचारलं, "कात्सुमीचंही असंच होतं?"

"असणार. तेव्हा बघितलं कुणी?"

मिनोबेंनी बाटली उचलली आणि पुसलेलीच पुन्हा पुसली. "घेऊन जा त्याला शहरात. यादीतून नाव मी काढतो. त्याच्या आईला म्हणावं, कुणी काही बोलणार नाही, ते माझ्याकडे लागलं."

"बरं."

"पण हिसा, तू इथं पुन्हा येऊ नकोस."

"का रे?"

"तू दिसलास की मला जुनी पोरं आठवतात. एकेक, नावानिशी. कोण आता कुठं आहे, कुणाचा हात कसा आहे. मला ते नको आहे. अडुसष्ट वर्षं झाली मला. आता नको आहे."

तोकुरा कागद घेऊन बाहेर पडले. काम झालं होतं. धक्क्यापर्यंत चालत गेले आणि तिथं बराच वेळ उभे राहिले.

शहरातल्या डॉक्टरनं तेच सांगितलं. त्या वर्षी संघ पहिल्याच सामन्यात हरला. कुणी युसेईला काही बोललं नाही. मिनोबेंनी शब्द पाळला. दर दोन महिन्यांनी पोरगं मागच्या दारानं येई, बाही वर करून बसे. तोकुरा जेलची बाटली आधी गरम पाण्यात ठेवत, म्हणजे त्याला गार लागू नये. पडद्यावर ती खचलेली जागा आधी धूसर झाली, मग तिच्यात पांढरं धरू लागलं. युसेई बोलका नव्हता. पण येताना कधी शंख आणी, कधी डाव्या हातानं काढलेलं चित्र, वाकडंतिकडं.

चौदा महिन्यांनी रेघ सलग दिसली. तोकुरांनी सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं.

"झालं?" युसेईनं विचारलं.

"झालं. आता हळूहळू. पहिल्या दिवशी वीस चेंडू, तेही जवळून."

चिनात्सु खूप वाकली. मायलेक गेल्यावर त्यांनी यंत्र लगेच बंद केलं नाही. पडद्यावर ती रेघ तशीच होती. कुणाला तरी दाखवावी असं त्यांना फार वाटलं. पण दाखवणार कुणाला? कोबेला फोन लावला. लेक कामात होती. "छान झालं हो बाबा," म्हणाली.

युसेई त्या शरदात संघात परतला, पण पिचर झाला नाही. मैदानातल्या पहिल्या टप्प्यावर उभा राहिला, जिथं फेकण्यापेक्षा झेलायचं काम जास्त. माध्यमिक शाळेत गेल्यावर त्यानं बेसबॉल सोडून पोहायला सुरुवात केली. हे तोकुरांना मासळीवाल्या बाईकडून कळलं. त्यांना थोडं वाईट वाटलं. त्या हातानं टाकलेला एखादा चेंडू त्यांना एकदा बघायचा होता. पण पोहायलाही दोन सरळ हात लागतात, असा त्यांनी विचार केला आणि अर्धा कुपा घेऊन घरी आले.

मिनोबेंनी दुकान बंद केलं आणि ते मुलाकडे मात्सुयामाला राहायला गेले. निरोप घ्यायला आले नाहीत. तोकुरांना तीन आठवड्यांनी समजलं, तेव्हा त्यांनी शोगीचा पट कपाटातून काढला, पुसला, आणि पुन्हा ठेवला. पुढे दिवसाला सत्तर चेंडूंचा नियम वरूनच आला. नवा प्रशिक्षक तिशीतला होता. त्याच्याकडे मोजणारा माणूस होता, तीन पिचर होते. गावात यावरून कधी भांडण झालं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि सांगायला कुणी गेलं नाही.

गेल्या जानेवारीत तपासणी कामिउराच्याच शाळेत झाली. शहरातून दोन तरुण डॉक्टर आले होते, त्यांच्याकडे नवी यंत्रं होती. तोकुरांच्या बोटांना आता कंप होता. कोपर धरून ठेवणं जमेना, म्हणून त्यांना टेबलाच्या शेवटी बसवलं होतं. तपासून झालेल्या मुलाच्या हातावरचं जेल गरम टॉवेलनं पुसायचं, एवढं काम. पोरं येत होती, हात पुढे करत होती, जात होती.

एक आठ वर्षांचा मुलगा हात पुसून घेताना म्हणाला, "आजोबा, तुम्ही पण खेळायचात का?"

"नाही रे. मला झेलता यायचं नाही."

"मग इथं कशाला बसलात?"

तोकुरांनी त्याची बाही खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावलं. "टॉवेल गार व्हायच्या आत पुसावं लागतं," ते म्हणाले. "जा आता. पुढच्याला येऊ दे."